अजून थोडा वर

वहिनीने बेस गिटार आणून मिस्त्रीच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवली. मागून रिकाम्या हाताने आलेला दादा म्हणाला, "आवाज पुन्हा मेला रे, मिस्त्री. पिकअप अजून थोडा वर घे."

तारांखालचा तो चुंबक मिस्त्री दर खेपेला वर घेत आला होता. जितका जवळ, तितका आवाज मोठा. आता मध्ये नखाएवढीही फट उरली नव्हती.

"दादा, याहून वर घेतला तर तार त्यावर आपटेल."

"मग वायरिंग बदल, बॅटरी बदल. दुखणं शोध की लेका, नुसता बघत काय बसलास?"

मिस्त्रीने गिटार ॲम्पला जोडली आणि जाड तार छेडली. खोल विहिरीत घागर बुडावी तसा आवाज घुमला. कपाटाच्या काचा थरथरल्या.

"हाच! हाच माझा आवाज! काय केलंस रे?"

मिस्त्रीने अजून पेचकसही उचलला नव्हता.

दादाने घाईघाईने गिटार मांडीवर ओढली, तीच तार छेडली. काचा हलल्या नाहीत. त्याने पुन्हा छेडली.

वहिनीने त्याची गळालेली बोटं हलकेच आपल्या मुठीत घेतली.

"भाऊजी, घ्या ना थोडा वर," ती म्हणाली. "टेकला तरी चालेल."