एकमेकींकडे बघणाऱ्या दोघी

सौदागर वेर्नेद जिना चढत होते आणि नेमकं तेव्हाच पेर्नेटला दिसलं: घड्याळांच्या पाठीवर बसवायच्या मीन्याच्या दोन्ही चकत्यांवर रंगवलेल्या बायका डावीकडेच बघत होत्या.

जिनिव्हाहून चीनला घड्याळं जातात ती जोडीनं, आणि पाठीवरची चित्रं आरशातल्यासारखी उलटसुलट. एकीनं दुसरीकडे बघायचं. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल! पेर्नेटनं मात्र बाबांची चकती जशीच्या तशी उतरवली होती.

पहिली चकती झाली आणि बाबांचे हात थरथरायला लागले. जोडी पुरी झाली नसती तर काम गेलं असतं, बाबांचं बार्थेलेमी हे नावही गेलं असतं. म्हणून दुपारी आई आजारी शेजारणीकडे गेली आणि बाबांना डुलकी लागली, की पेर्नेट दुसऱ्या चकतीसाठी चोरून कुंचला धरायची. तीन महिने!

"दे इकडे, पुसून डबीत घालते," आई म्हणाली. "आणि केस बांध, भूत दिसतेस."

"आई, अगं ऐक ना..."

"पाच मजले!" वेर्नेद धापा टाकत आत आले. "बार्थेलेमी, एक दिवस तुमच्या घड्याळाआधी मीच बंद पडेन! आणा. मोती जडवून घड्याळं तयार आहेत, चकत्याच बसवायच्यात."

त्यांनी डबी उघडून डोळ्याला भिंग लावलं.

"साहेब, चूक माझी आहे," पेर्नेट रडवेली झाली. "बाबांची नाही."

"चूक? कुठंय?"

डबीत दोघी एकमेकींकडे बघत होत्या. डावीकडे बघणारी पेर्नेटचीच, गालावर लाली जरा जास्त झालेली. दुसरी तिनं जन्मात पाहिली नव्हती.

आणखी सहा जोड्यांचं काम सांगून वेर्नेद खूश होऊन जिना उतरले.

"आई... ती शेजारीण?"

"ठणठणीत आहे. तिच्या माळ्यावर उजेड छान येतो." आई हसली. "तू नाक डावीकडे काढलंस, तेव्हाच पाहिलं मी. म्हटलं, पोरीचा हात बसतोय, कशाला मोडा? मग मीच उजवीकडची काढली."

पेर्नेटनं आईला घट्ट मिठी मारली. मग तिला बाबांची आठवण झाली.

"बाबा, जोडीत तुमची चकती गेलीच नाही. वाईट वाटलं?"

बाबांनी तिचा हात आपल्या थरथरत्या हातांत घेतला. डोळे भरले होते, पण ते हसत होते.

"माझी कुठली, पोरी? बाईला इथं सही करू देत नाहीत, म्हणून सही माझी. वीस वर्षं कुंचला तुझ्या आईचाच आहे."