फळीवरचे बूट

मॅरेथॉनच्या सरावात उमैमाचा गुडघा मुरगळला, तेव्हा तिने रडत सासूला सांगितलं, “ते बूट टाकून द्या, अम्मी. माझं धावणं संपलं.” सासूने बूट उचलून नेले. अख्खा पावसाळा गुडघ्याच्या व्यायामात गेला. आज डॉक्टरांनी हळूहळू धावायला परवानगी दिली, तरी घरी येऊन ती धावायचं नावच काढेना. सासू स्टुलावर चढली आणि चुलीवरच्या फळीवरून सुक्या बांगडा माशांशेजारचं गाठोडं काढून तिने सुनेपुढे ठेवलं. आत बूट होते, अगदी कोरडे. “कपाटात बुरशी धरली असती गो.” “मी टाकायला सांगितले होते ना?” “दुखणेकऱ्याचं बोलणं कोण मनावर घेतं?” संध्याकाळी ते बूट घालून ती भाट्याच्या किनाऱ्यावर गेली, पण तिचं पाऊल उचलेना. इतक्यात बुटांना लागलेल्या सुक्या माशांच्या वासावर दोन कुत्रे धावत आले. ती दचकून पळत सुटली. धापा टाकत थांबली, तर कुत्रे केव्हाच मागे राहिले होते.