मांडवाखालचा रस्ता

अभिमन नानांनी पहिल्या रांगेतूनच हात उंच केला आणि तळवा खाली दाबत खूण केली, बसा, बसा.

मांडवाच्या मागच्या टोकाला डोंगरातल्या पाड्यावरची पाच-सहा माणसं पायातलं काढून उभी होती. दोघांच्या खांद्यावर बांबू, बांबूला गोधडीची झोळी. नानांची खूण पाहून ती एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. मग त्यांनी झोळी सावलीत टेकवली आणि तिच्याभोवती बसली.

नानांचा ऊर भरून आला. गावच्या सप्ताहाची सगळी उस्तवार गेली बावीस वर्षं त्यांच्याकडे, पण असं काही पाहिलं नव्हतं. शेजारच्या भटू आप्पांना कोपराने ढोसून ते म्हणाले, बघा, म्हातारीला झोळीत घालून सातपुड्यातून काल्याच्या कीर्तनाला आणलंय, आणि आपल्या गल्लीतली पोरं दोन घरांवरून यायलाही फटफटी काढतात. आप्पांनी मागे न बघताच मान डोलावली.

बुवा रंगात आले होते. आताच अमेरिकेत कीर्तनं करून आलेले, तिथलंच सांगत होते. आभाळाला टेकलेल्या इमारती आणि त्यांच्याच पायाशी फाटक्या तंबूत झोपणारी माणसं. शाळेच्या दारात लेकरांची दप्तरं तपासतात, ती बंदूक सापडते का म्हणून. म्हातारा घरात मरून पडतो आणि वास सुटला म्हणजे शेजाऱ्याला कळतं. बुवांनी हात करून टाळ थांबवले.

"एवढं बलाढ्य राष्ट्र. त्याचं हे दुखणं काढायचं कोणी? सरकारने? पोलिसांनी?"

नानांना राहवेना. बसल्या जागेवरून ते म्हणाले, "ज्याला दिसलं, त्याने काढायचं, बुवा. आपण."

"मग तुमचं तिकीट काढू का, नाना?"

मांडवभर हसू फुटलं. पण बुवांनी लगेच हात जोडले आणि म्हणाले, हसू नका, पोथ्या पालथ्या घालून मला जे सापडलं नाही ते या माणसाने एका ओळीत सांगितलं. मृदुंगावर थाप पडली. नामाचा गजर सुरू झाला तसे नानांचे डोळे पाझरू लागले. उपरण्याने ते पुसता पुसता त्यांनी पुन्हा मागे पाहिलं. पाड्यावरचा म्हातारा हात जोडून बसला होता. त्याची नजर बुवांवर नव्हती, व्यासपीठाच्याही पलीकडे लागली होती. पांडुरंगाच्या तसबिरीकडे बघतोय, नानांना वाटलं.

हंडीची वेळ झाली. बुवांनी शेवटचा अभंग धरला तेव्हा नाना बुक्क्याची वाटी घेऊन उठले. माणसांतून वाट काढत थेट मागे गेले. एवढ्या लांबून आलेल्या म्हातारीच्या कपाळी पहिला बुक्का लावायचा, असं त्यांच्या मनात होतं. बोट बुडवलं, वाकले, आणि गोधडी जराशी बाजूला सारली.

आत म्हातारी नव्हती. अठरा-एकोणीस वर्षांची पोर होती. पदराचा बोळा तिने दातांत गच्च धरला होता आणि कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. पोट वर आलेलं. झोळीखालची माती भिजून काळी पडली होती. तिची सासू गुंताबाई तिच्या कानाशी तोंड नेऊन एकसारखं सांगत होती, "वरडू नको माय, कीर्तन चालू शे."

नानांनी मान वर केली. म्हातारा त्यांच्या ओळखीचा निघाला, दरसाल कापूस वेचायला येणारा भुरा. तो उठून हळू आवाजात सांगू लागला. सून सुनिता पहाटेपासून अडलीय. पाड्याला रस्ता नाही, म्हणून दवाखान्याची गाडी वर येत नाही. तिला खांद्यावर घेऊन उतरलो. गाडी आलीय, ती काय तिथे, व्यासपीठाच्या मागे उभी आहे.

मांडव रस्त्यावरच होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गाडीपुरती वाट सोडू, असं मांडववाला म्हणाला होता. सात दिवसांचा तर प्रश्न आहे, असं नाना म्हणाले होते.

"पाऊण तास झाला, भुरा. सांगायचं नाही का?"

भुराने खाली बघत तळवा हलकेच दाबून दाखवला. "तुम्हीच हात कया ना, नाना. बसा म्हनीसन."

मग सगळं भराभर झालं. टाळ थांबले, बायका पोरांना कडेवर घेऊन सरकल्या, टाळकऱ्यांनीच बांबूला खांदा दिला. झोळी व्यासपीठाला वळसा घालून पलीकडे गेली. गाडीतल्या डॉक्टरने पोरीला आत घेतलं, पोटावर हात ठेवला, बाळाच्या ठोक्यांसाठी स्टेथोस्कोप लावला. पुन्हा लावला. तो बाहेर डोकावला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"हिला इतका वेळ कोणी बसवून ठेवलं?"

सगळा गाव उभा होता. बुवाही खाली उतरून आले होते. नानांनी तोंड उघडलं.

"कोनी नई, साहेब," भुरा म्हणाला. "कीर्तन चालू व्हतं. आमीच बठनूत."

नानांनी तोंड मिटलं.

दार लागलं. गाडी बोंबलत चोपड्याच्या वाटेला लागली आणि केळीच्या बागांआड दिसेनाशी झाली, तरी आवाज बराच वेळ येत राहिला. लोक हळूहळू आपापल्या जागी बसले. मग माईकवरून बुवांचा आवाज आला, खालच्या पट्टीतला. नाना, या. हंडी दरसाल तुमच्याच हातची.

नानांनी हाताकडे पाहिलं. बोटावर बुक्का तसाच होता.