जीपचे पाटे

“यकीन येणार न्हाई कुणाला, भगवानराव. येऊ बी नये. पण काठोकाठ भरलेली घागर ह्या गाडीत ठेवून मी रेणापूरहून आलो, अन् थेंब सांडला न्हाई!”

व्यंकटरावांनी बॉनेटवर थाप मारली. धूळ उडाली.

भगवानराव गुत्तेदार खोकले. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या बांधायच्या होत्या, म्हणजे गुत्तेदारांचे दिवस उजाडले होते. भगवानरावांना आता जीपमधून उतरणं कमीपणाचं वाटू लागलं होतं. ही लाल, बिनटपाची, दोन सीटांची गाडी कधीकाळी हैदराबादच्या एका नवाबजाद्यानं शर्यतीसाठी आणलेली. तिच्यातून कलेक्टर कचेरीपुढं उतरायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. अडचण कमरेची होती. जिल्ह्यानं पाट्या नव्या लावल्या, रस्ते जुनेच ठेवले.

“गाडी देखणी हाय,” ते म्हणाले. “पण लई बुटकी. आदळती का?”

व्यंकटरावांची बायको नागुबाई दारात उभी होती. हातात रिकामी कळशी. पावसानं दुसऱ्या साली दगा दिला होता. बोअरची मशीन शेजारच्या वस्तीवर आली होती आणि उद्या कंधारकडं निघणार होती. गाडी विकली गेली तर त्या पैशात परसात बोअर. नाही गेली तर लांबच्या मळ्यातली विहीर, डोक्यावर घागर आणि आणखी एक उन्हाळा. म्हणून ती गप्प होती. नवऱ्याच्या थापांना एवढी मोकळीक तिनं आजवर कधी दिली नव्हती.

“आदळती?” व्यंकटराव भडकले. “आदळायची म्हणा! पुढचं ऐका.”

गाडीचे मूळचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसले होते. खड्डा आला की गाडी खाली जायची आणि व्यंकटरावांची टोपी वर राहायची. गावची विहीर आटली की पाणी रेणापूरहून आणणं आलं, आणि ते नवाबजाद्याच्या गाडीतूनच आणायचं ही व्यंकटरावांची हौस. घागर भरून निघायची आणि चिखल करून घरी यायची. शेवटी त्यांनी गाडी नांदेडला नेली. संगप्पा मिस्त्रीनं जुने पाटे काढून जीपचे चढवले. गाडी मागून अशी वर झाली, जणू म्हैस पाणी प्यायला वाकली. पण जीपचं वजन हिच्या अंगात कुठून येणार? पाटे दबेचनात. त्या खेपेला घागरीच्या तळाशी वाटीभर पाणी उरलं. बाकीचं सीट प्यायली.

मिस्त्रीनं चळतीतला एक पाटा कमी केला. पाव घागर आली. आणखी एक काढला. अर्धी आली, पण मागचं चाक मडगार्डला घासू लागलं. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, तर गाडीनं नाक वर केलं. टायरचं रबर कापून मधे घातलं, तर ती पाळण्यासारखी झुलू लागली आणि पाणी पुढं-मागं सांडायचं ते डावी-उजवीकडं सांडू लागलं. व्यंकटरावांनी पाना भिरकावला. संगप्पा कानडीत शिव्या देऊ लागला, हे उर्दूत. गाडीला दोन्ही भाषा येत नव्हत्या.

“मग?” भगवानरावांनी विचारलं.

“मग पाट्यात ग्रीस भरलं. शॉकअप नवे घातले. अन् म्हणलं, आज एक तर घागर भरून येईल, न्हाई तर गाडी भंगारात जाईल. घागर शेजारच्या सीटवर ठेवली अन् निघालो.”

“लिंबाचा डहाळा टाकला असंल वरून.”

भरल्या घागरीत डहाळा टाकला की पाणी हिंदकळत नाही, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“डहाळा? उघडी घागर, भगवानराव! उतारावर हरिण आडवं आलं. गाडी त्याच्यावरून उडाली, पल्याड उतरली. पाण्यावर सुरकुती न्हाई! त्यातच तोंड बघून मी टोपी नीट केली.”

भगवानराव खदखदून हसले. कमरेवरचा हात सुटला.

“हरणाचं जाऊ द्या. घागर तरी खरी का?”

“गळ्याची आण. भरून निघाली, भरून आली.”

गुत्तेदारांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून पाटे पाहिले. दाबून पाहिले.

“आणा किल्ली,” ते म्हणाले.

नागुबाईनं कळशी खाली ठेवली. किल्ली आणायला ती लगबगीनं आत गेली. व्यंकटरावांनी इथं थांबायला हवं होतं. पण एक थाप जमली की वर दुसरी ठेवल्याशिवाय त्यांना करमत नसे.

“आता हे आमचं कुटुंब बघा,” ते घराकडं बोट करून म्हणाले. “विहिरीवरून येताना अर्धी घागर रस्त्याला पाजती. लगीन झाल्यापासून बघायलोय, चाल सुधारना. गाडीला मिस्त्रीनं पाटे बसवून दिले. हिला कुठून बसवू?”

गुत्तेदार पोट धरून हसले. व्यंकटरावही हसले.

नागुबाई उंबऱ्यात आली होती. तिनं एकदा परसाकडं पाहिलं. मग हातातली किल्ली कमरेला खोचली.

“भाऊ, शेजारच्या सीटवर मी बसले व्हते,” ती म्हणाली. “घागर माझ्या मांडीवर. रेणापूरपासून हितवर.” तिनं दोन्ही मांड्यांवर थाप मारली. “हे बघा ह्येंचे पाटे. अजून ठणकतेत.”