नवीकोरी खेळणी

अंगणवाडीच्या शेवंताताईंनी तपासणीच्या मॅडमसमोर खेळण्यांचं कपाट उघडलं. दोन वर्षांत एका गाडीचं चाकसुद्धा निखळलं नव्हतं. निखळणार कसं? कार्टी मोडतील म्हणून ताईंनी कुलूप घालून त्यांना बाराखडीच घोकायला लावली होती.

"वा, नवीकोरी ठेवलीत," मॅडम खूश झाल्या.

तेवढ्यात मंजुळाने बाहुली उचलली. ही पोर कधी तोंडच उघडत नसे. 'मुकी आहे तुमची,' असं ताईंनी तिच्या आईला सांगूनही टाकलं होतं. मंजुळाने बाहुलीला मांडीवर थोपटलं. "उगी गं बाय. आई गेली कामाला. येईल हां सांजच्याला."

ताई तिच्याशेजारी खाली बसल्या. उद्यापासून पोर पहिलीत जाणार होती.

"इतके दिवस का नाही बोललीस गं?"

बाहुलीचा झगा सारखा करत मंजुळा म्हणाली, "कुणासंगं बोलू?"