दोन कढया

लातूर जिल्हा झाला, त्याच वर्षी दुष्काळ पडला आणि रामकिशनच्या छातीत कळ आली. नव्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "चरबी वाढलीय. रेशनचं पामतेल बंद. करडईचं तेल खा." पण करडई यंदा शिवारात उगवलीच नव्हती. आठवड्यानं पहिल्याच घासाला त्याला करडईच्या तेलाचा वास आला. त्यानं उतरंडीकडं पाहिलं. करडईच्या बियाण्याचं मडकं धुऊन पालथं घातलं होतं. "पेरायचं काय आता?" "बी भावाकडून आणता येतंय," बायको भाकरी थापत म्हणाली. "माणूस कुठून आणू? खावा गुमान." तो जेवला. मग ती ताट घेऊन बसली. त्यानं तिच्या भाजीत बोट बुडवून चाखलं. पामतेल. आपल्यासाठी केलेल्या वेगळ्या कढईतली उरलेली भाजी त्यानं तिच्या ताटात ओतली. "मला काय झालंय?" ती म्हणाली. तो म्हणाला, "तुझं रक्त तपासलंय का कुणी?"