अंगठ्यापुरता कागद

जास्वंदीच्या दोन पाकळ्या ताटलीतल्या पाण्यात भिजवून आत्माराम गुरव गाभाऱ्यात थांबला.

“बोला आप्पा. काय विचारू देवीला?”

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बंडीच्या खिशातून घडी घातलेला स्टँपाचा कागद काढला. “सरळ विचार. या कर्जाच्या कागदावरचा अंगठा मथुरेचा आहे ना? उजवी पाकळी पडली तर आहे. मग यंदाच्या मोहोरासकट पाचही कलमं माझी. डावी पडली तर नाही. मग कागद इथंच फाडतो. कोर्टात जाऊन वकिलाची धन कशाला? आपली देवी आहे.”

मथुरा खांबाशी उभी होती. मंगळवारचा तिचा उपास होता. आंब्याची पाच कलमं तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली, घरामागच्या उतारावर. आप्पांकडून तीनशे रुपये घेऊन नवरा जयगडला बोटीत चढला, त्याला दोन पावसाळे झाले. पत्र नाही. त्या कलमांवरच ती आणि तिची लेक चिमा दोन वेळा जेवत होत्या.

गुरवाने हात उचलला.

“थांबा, आत्मारामदादा,” मथुरा म्हणाली. “अंगठा माझाच आहे.”

मंडपात बसलेल्या गोदूबाईने कपाळाला हात लावला. “अगो, खुळी की काय तू? आपल्याच तोंडाने?”

“जे मला सांगता येतं, ते देवीला कशाला विचारायचं, मावशी? तिला दुसरं विचारा.”

“दुसरं काय?” आप्पांनी विचारलं.

मथुरेने पदर सावरला. आप्पांकडे न बघता ती गुरवाशी बोलली. “मी भाकऱ्या थापत होते. ह्यांनी ओटीवर बोलावलं. म्हणाले, शिरगणतीचा कागद आलाय, घरटी एक अंगठा लावायचा आहे. माझे हात पिठाचे. मी म्हटलं, धुवून येते. तर ह्यांनीच अंगठा धरला, शाईत बुडवला आणि दाबला. आप्पा तिथंच सुपारी कातरत बसले होते. शिरगणती हा शब्द आप्पांनी ऐकला की नाही, एवढंच विचारा. नसेल ऐकला तर कलमं त्यांची.”

“दोन वर्षांमागचं कुणाला आठवतंय!” आप्पा हसले.

“देवीला आठवत असेल,” गुरव म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

त्याने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी चिकटवली आणि हात जोडले. “आई गो, लेकरं पायाशी आलीत. तो शब्द आप्पांच्या कानी पडला असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. खऱ्याचं खरं कर गो माय.”

मूर्तीवरून पाण्याचा एक थेंब ओघळला. उजवी पाकळी बोटभर खाली सरकली आणि तिथंच अडकली.

गुरवाने दुसऱ्यांदा तेच मागणं घातलं. पाकळी हलली नाही. मथुरेचे डोळे मिटलेले होते. आप्पांनी मांडीवरची टोपी उचलली, पुन्हा ठेवली.

“देवी विचारात पडली की, आप्पा?” गोदूबाई म्हणाली. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

गुरव तिसऱ्यांदा हात जोडणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, “पुरे, आत्माराम.”

“अजून कौल झाला नाही, आप्पा.”

“पाकळ्या उतरव.” आप्पा उठून उंबऱ्याशी आले. त्यांची नजर मूर्तीच्या पायांवर होती. “मला सांगता येतं ते तिला कशाला बोलायला लावायचं. ऐकलं होतं मी.”

त्यांनी कागद उंबऱ्यावर ठेवला. “घे, मथुरे. फाड.”

मथुरेने कागद उचलून दाराच्या उजेडात उलगडला. तिला वाचता येत नव्हतं. खाली कोपऱ्यात तिचा अंगठा होता, तिरका आणि काळा. त्याच्या शेजारी, तो धरून दाबणाऱ्या नवऱ्याच्या बोटाचा अर्धवट डाग उमटला होता. तिने तो बराच वेळ पाहिला.

मग तिने पाकळ्यांच्या ताटलीत बोट भिजवलं. अंगठा आणि डाग यांच्या मधून ओली रेघ ओढली, त्या रेघेवर कागद दुमडला, नखाने घडी दाबली आणि हलक्या हाताने कोपरा फाडून घेतला. तेवढा तुकडा पदराच्या टोकाला बांधला. उरलेला कागद आप्पांच्या हातात दिला.

“सगळाच फाड की गो!” गोदूबाई म्हणाली.

“आप्पांचे रुपये गेलेत, ते काही खोटं नाही, मावशी. माझं होतं तेवढं मी घेतलं.”

तिने देवीला नमस्कार केला, चपला नव्हत्याच, तशीच पायऱ्या उतरून कलमांच्या वाटेला लागली.

आप्पांनी कागद उजेडाकडे धरला. रक्कम होती, तारीख होती. फाटलेल्या कडेला अर्धं काळं बोट तेवढं उरलं होतं.